भिंतीवाल्या बाई

परिषदांच्या हॉलमध्ये त्यांना सगळे 'भिंतीवाल्या बाई' म्हणत. स्टेजच्या एका बाजूला आठ फूट लांबीचा फोमचा बोर्ड उभा करायचा, त्यावर पांढऱ्या कागदाचा रोल ताणून चिकटवायचा, आणि वक्ता बोलत असतानाच त्याचं बोलणं चित्रांत आणि मोजक्या शब्दांत त्यावर उतरवायचं, हे त्यांचं काम. वक्ता थांबला की पाच मिनिटांत चित्रही पुरं व्हायला हवं. मग चहाच्या सुट्टीत लोक येत, फोटो काढत, "अरे, हे मघाशी माझ्या डोक्यावरूनच गेलं होतं," असं एकमेकांना सांगत आणि बिस्किटं संपायच्या आत तिकडे वळत. बाई तोवर मार्करची टोपणं लावत असत.

त्याआधी बावीस वर्षं त्या पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात ट्रेसर होत्या. मोठ्या नकाशावर आरपार दिसणारा कागद पसरायचा आणि जमिनीखालच्या पाइपांच्या रेघा शाईने गिरवायच्या. पुढे ते काम कॉम्प्युटरकडे गेलं आणि बाईंना आवक-जावकच्या टेबलावर बसवलं. तिथे असताना एकदा सगळ्या कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण होतं. विषय, गळती. साहेब तीन तास बोलत होता, निम्मे लोक डुलक्या काढत होते. बाई मात्र वहीच्या मागच्या पानावर चित्र काढत बसल्या होत्या. जुन्या पाइपात एकदम दाब सोडला की तो कुठेतरी बोंबलणारच, असं साहेब म्हणाला, तेव्हा त्यांनी पाइपाला मांजरीची शेपटी काढली आणि शेपटीवर एक भला मोठा बूट.

साहेबाने वही पाहिली. आता बोलणी खावी लागणार म्हणून बाई उभ्याच राहिल्या.

"उद्या हेच फळ्यावर काढाल का? मी बोलत असताना?" साहेबाने विचारलं.

त्यानंतर त्या कार्यालयात कुठे पाइप फुटला की लोक "शेपटीवर कोणी पाय दिला?" असं विचारायला लागले. तीन तासांच्या भाषणातलं एवढंच त्यांच्या ध्यानात राहिलं होतं, पण तेवढं पुरेसं होतं, कारण व्हॉल्व्ह हळू उघडायला ते शिकले होते. साहेबाने बाईंचं नाव आणखी दोन-चार ठिकाणी सांगितलं. एका संयोजकाने त्यांना आपल्या सगळ्या परिषदांना बोलवायला सुरुवात केली. बाईंनी नोकरी सोडली.

"हात काय, कोणाचाही चालतो. कान चालायला हवा," असं त्या कोणी विचारलं तर सांगत. एक वाक्य हातात, दुसरं डोक्यात, तिसरं कानात, अशी ती कसरत असे. काय घ्यायचं आणि काय सोडून द्यायचं हे त्या अर्ध्या सेकंदात ठरवत. दातांच्या डॉक्टरांची परिषद असो की धरणांच्या इंजिनियरांची, बाईंना विषय कळायचाच असं नाही. पण माणूस कुठे मनापासून बोलतोय आणि कुठे नुसता पाट्या टाकतोय, हे त्यांना आवाजावरून अचूक कळे.

काम तसं एकट्याचंच. दिवसभर तीनशे माणसांच्या खोलीत उभं राहायचं, पण सगळ्यांकडे पाठ करून. सगळ्यांच्या गळ्यात नाव आणि संस्थेचं कार्ड असे, बाईंच्या कार्डावर नुसतं 'व्यवस्था' लिहिलेलं. जेवणाच्या वेळी डॉक्टर डॉक्टरांत बसत, वाढपी वाढप्यांत. बाई ताटली घेऊन खिडकीपाशी उभ्यानेच जेवत.

घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. आई होती तोवर दोघी राहायच्या. लग्न या ना त्या कारणाने राहून गेलं आणि त्याची चर्चाही एक दिवस बंद झाली. सख्खं म्हणावं असं माणूस एकच, थोरली बहीण. ती चार तासांच्या अंतरावर दुसऱ्या गावी, नवऱ्याबरोबर. दर रविवारी सकाळी दहाला ताईचा फोन यायचा. ताई बोलायची, बाई एकीकडे भाजी निवडत ऐकायच्या. शेजारणीच्या भांडणापासून भावजींच्या गुडघ्यापर्यंत सगळं त्यात येई. आठवड्यात बाईंना 'छोटे' म्हणून हाक मारणारा तेवढाच एक आवाज होता.

पंचावन्नाव्या वर्षी बाईंचे कान दगा द्यायला लागले.

एकदम नाही. आधी लिफ्टची घंटा ऐकू येईना. मग बायकांची आणि मुलांची बोलणी तुटक व्हायला लागली. 'स' आणि 'श' तर कोणी शब्दातून उपटून नेल्यासारखे नाहीसे व्हायचे. जाड आवाजाचे पुरुष अजून नीट ऐकू येत. बाई डॉक्टरकडे गेल्या. त्याने कानांवर हेडफोन चढवून तपासणी केली आणि एक आलेख हातात दिला. डावीकडे बरी असलेली रेघ उजवीकडे येईपर्यंत पार खाली घसरलेली. आयुष्यभर रेघा गिरवलेल्या बाईला आणखी काय समजावून सांगायचं?

"मशीन लावून घ्या," डॉक्टर म्हणाला. "जितका उशीर कराल, तितकी सवय व्हायला जड जाईल."

बाईंनी तो कागद घडी करून कपाटाच्या खणात ठेवून दिला. कानातलं मशीन लोकांना दिसलं तर काम गेलं, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

मग सुरू झाल्या युक्त्या. वक्त्यांची भाषणं आदल्या दिवशी मागून घ्यायच्या. बोर्ड नेमका स्पीकरच्या खोक्यापाशी लावून घ्यायच्या. आणि सगळ्यात मोठी युक्ती म्हणजे आरसा. बोर्डाच्या कडेला, डोळ्यांच्या उंचीवर त्यांनी एक लहान चौकोनी आरसा चिकटवला. पाठ फिरवूनही त्यात वक्त्याचे ओठ दिसत. वाढप्यांत त्यावरून हसाहशी चाले. "बाईंना या वयात नट्टापट्टा सुचतोय!" बाई ते ओठांवरून वाचत आणि कळलंच नाही असं दाखवत.

ओठ वाचायचे तर समोरचं माणूस दिसावं लागतं. फोनवर तेही नाही. रविवारच्या फोनवर बाई आता चालीवरून अंदाज बांधायला लागल्या होत्या. ताईचा सूर चढला की "अगं बाई!" म्हणायचं, उतरला की "हं", आणि ती थांबली की "छान, छान". दोन-तीन वेळा "काय म्हणालीस?" विचारून पाहिलं, तेव्हा ताई वैतागली. "लक्ष कुठे असतं गं तुझं?" त्यापेक्षा "छान" बरं.

एका रविवारी ताई नेहमीपेक्षा कमी बोलली. दोन वाक्यं, तीही सरळ, वर नाही की खाली नाही. मग थांबली. बाई म्हणाल्या, "अरे वा, छान झालं की!"

पलीकडे काहीच आवाज आला नाही. मग फोन बंद झाला. लाइन गेली असेल म्हणून बाईंनी भाजी फोडणीला टाकली. पुढच्या रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही. आपण करावा असं बाईंना रोज वाटे, पण केला तर ऐकू काय येणार, या धास्तीने हात मागे यायचा. असे सात रविवार गेले.

आणि मग परिचारिकांची परिषद आली. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांची शेवटच्या दिवसांतली काळजी, हा विषय. हॉलमध्ये दोनशे परिचारिका. म्हणजे दोनशे बायकांचे आवाज.

दुपारच्या सत्रात एक मेट्रन बोलायला उभी राहिली. साठीला आलेली, ठेंगणी, आवाज अगदी मऊ. तिच्याकडे आधी लिहिलेलं भाषण नव्हतं. "मला कागदावरून बोलता येत नाही," असं तिने आदल्या दिवशीच कळवलं होतं. आणि एका जागी उभं राहणंही तिला जमत नव्हतं. ती बोलत बोलत स्टेजभर फिरू लागली. कधी आरशात तिचा खांदा दिसे, कधी नुसतं मागचं टेबल. दिसली तरी माईक ओठांवर धरलेला. बाई दहातले चार शब्द पकडत होत्या आणि बाकीचे सहा मनाने भरत होत्या.

मेट्रन सांगत होती, की घरचे लोक शेवटी शेवटी घाबरून जातात, कारण काय होतंय ते त्यांना कळत नाही. म्हणून त्यांना आधीच शिकवायला हवं. पुढचं वाक्य तिने दोनदा म्हटलं. म्हणजे ते महत्त्वाचं होतं. बाईंनी आरशात डोळे रोखले, जे मिळालं ते घेतलं, आणि कागदाच्या मधोमध, सगळ्यात ठळक अक्षरांत लिहिलं, 'घरच्यांना वास ओळखायला शिकवा'. शेजारी एक मोठं नाक काढलं, खाट काढली, खाटेवरून उठणाऱ्या नागमोडी रेघा काढल्या. चित्र मोठं झकास उतरलं होतं.

चहाच्या सुट्टीत बायका बोर्डाभोवती जमल्या. मेट्रनही आली. तिने चष्मा वर करून मधलं वाक्य वाचलं, मग बाईंच्या समोर येऊन, सरळ तोंडाकडे पाहत म्हणाली, "मी श्वास म्हणाले होते. श्वास. शेवटच्या दिवसांत श्वासाची लय बदलते, ती ओळखायला शिकवा."

बाईंच्या हातातला मार्कर तसाच राहिला. "चुकलं माझं," एवढंच त्या म्हणाल्या आणि ते नाक झाकायला पांढरा कागद शोधू लागल्या.

तेवढ्यात मागून एक उंच परिचारिका पुढे आली. ती काय बोलतेय ते बाईंना अर्धंमुर्धं कळलं. "राहू द्या ना. वासाबद्दल कोणी बोलतच नाही. जखमेला वास यायला लागला की सुना-मुलं खोलीत यायची बंद होतात. म्हाताऱ्याला वाटतं, आपण नकोसे झालो." त्यावर तिसरी काही म्हणाली. चौथीने हात हलवून तिला तोडलं. एकीने चक्क मार्कर उचलून नाकाशेजारी बारीक अक्षरांत काहीतरी लिहिलं, दुसरीने त्याखाली बाण काढला. बघता बघता पंचवीस-तीस जणी गोळा झाल्या. स्टेजवरून सकाळपासून सहा भाषणं झाली होती आणि एकदाही कोणी प्रश्न विचारला नव्हता. आता सगळ्या एकदम बोलत होत्या. चहा गार झाला. संयोजकाने घंटा वाजवली, कोणी हललं नाही. त्याने मग पुढचं सत्र अर्धा तास पुढे ढकललं.

बाई त्या घोळक्याच्या मधोमध उभ्या होत्या. त्यांच्या चित्रावरून एवढी चर्चा पूर्वी कधी झाली नव्हती. आणि त्यांच्या कानांपर्यंत तिचा नुसता गोंगाट पोचत होता, भांड्यांच्या दुकानात शिरल्यासारखा. कोणी त्यांना उद्देशून काही बोललं, हसलं. बाईही हसल्या. कशाला हसल्या ते त्यांना माहीत नव्हतं.

संध्याकाळी संयोजक खूश होऊन आला. "मॅडम, मुद्दाम केलंत ना? कमाल केलीत! सगळ्या परिषदांत असं करू या." बाईंनी त्याचे ओठ वाचले आणि त्या रोल गुंडाळू लागल्या.

मेट्रन गेली नव्हती. हॉल रिकामा झाल्यावर ती खुर्ची ओढून समोर बसली, उजेड आपल्या चेहऱ्यावर पडेल अशी.

"किती दिवसांपासून ऐकू येत नाही?" तिने विचारलं.

"तुम्हाला कसं कळलं?"

"आरसा. आणि मघाशी मी तुमच्या मागून दोनदा हाक मारली. चाळीस वर्षं म्हाताऱ्यांत काढली मी, मला नाही कळणार? मशीन का नाही लावलंत?"

"लोकांना कळेल म्हणून."

"घरी कोणाला माहीत आहे?"

"घरी कोणी नाही. एक बहीण आहे, परगावी."

"तिला सांगितलंत?"

बाईंनी नकारार्थी मान हलवली. मग त्यांनी सात रविवारांचं सांगितलं. 'छान झालं की' हेही सांगितलं. मेट्रनने विचारलं, "ती काय म्हणाली होती त्याच्या आधी?"

"तेच तर मला माहीत नाही हो," बाई म्हणाल्या, आणि तिथे, त्या रिकाम्या खुर्च्यांत, त्यांना रडू आलं.

दुसऱ्याच दिवशी सकाळच्या बसने त्या ताईकडे गेल्या. दार भावजींनी उघडलं. नेहमी थट्टा करणारे भावजी नुसतं "ये" म्हणाले. ताई आतल्या खोलीत उशीला टेकून बसली होती. वाळलेली. डाव्या बाजूला ब्लाउज सैल पडलेला.

"आलीस?" ताई म्हणाली. "आता कशाला आलीस?"

"ताई, मला ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली. मी कोणाला सांगितलं नाही."

ताई उशीवरून सरळ बसली. मग एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "मी तुला फोनवर सांगितलं, छातीत गाठ निघाली. कॅन्सर आहे म्हणतात. सगळ्यात आधी तुला सांगितलं. यांनाही नव्हतं सांगितलं. आणि तू म्हणालीस, छान झालं."

बाई पलंगाच्या कडेवर बसल्या. ताईचा हात हातात घेतला, तो तिने काढून घेतला नाही, पण धरलाही नाही.

"विचारायचं होतंस, छोटे," ताई म्हणाली. "काय म्हणालीस, असं एकदा विचारायचं होतंस. मी चिडले असते. चिडून परत सांगितलं असतं."

बाई तिथे दहा दिवस राहिल्या. ताईची वेणी घातली, औषधं दिली, भावजींना विचारून किरकोळ बाजारहाट केला. ताई बोलली, पण मोजकंच. बहिरीशी मोठ्याने बोलायचं म्हणजे तिला धाप लागायची, आणि हळू बोललं तर बाईंना कळायचं नाही. बऱ्याचदा ती "जाऊ दे, काही नाही," म्हणून भिंतीकडे वळायची. ते 'काही नाही' बाईंच्या फार जिव्हारी लागायचं. माफ केलंस का, असं विचारायला त्यांची जीभ उचलली नाही.

परत आल्यावर त्यांनी मशीन लावून घेतलं. दोन्ही कानांना. त्याने शब्द थोडे जवळ आले, पण खुर्ची सरकली, पंखा फिरला, कोणी खोकलं, तेही तितक्याच जोरात जवळ आलं. मोठ्या हॉलमध्ये तर डोकं उठायचं. संयोजकाला बाईंनी खरं काय ते सांगून टाकलं. त्या दिवशीचं नाक मुद्दाम काढलं नव्हतं, हेही. तो वाईट माणूस नव्हता. "बघू मॅडम, काहीतरी मार्ग काढू," म्हणाला. त्यानंतर दोन परिषदांना बोलावलं, तिसरीला नाही. टॅबलेटवर काढणारा एक तरुण त्याला मिळाला होता. तो काढेल ते लगेच मोठ्या पडद्यावर दिसायचं आणि संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या फोनवर पोचायचं. बाईंनी त्याची चित्रं पाहिली. चांगली होती.

मेट्रनने त्यांना आपल्या नर्सिंगच्या शाळेत बोलावलं. लहान वर्ग, तीस जणी, दारं-खिडक्या बंद. तिथे बाईंनी पद्धत बदलली. बोलणारीने बोर्डापाशी यायचं, बाईंच्या समोर उभं राहायचं आणि बोलायचं. बाईंनी ऐकलेलं आधी मोठ्याने परत म्हणायचं. बरोबर असलं तरच कागदावर घ्यायचं. बोलणारीला कधी कधी आपलंच वाक्य परत ऐकून ते पोकळ वाटे. "थांबा, असं नाही, नीट सांगते," म्हणून ती पुन्हा विचार करायला लागे. एका तासात चार वाक्यं व्हायची. पण ती चार वाक्यं मुलींच्या ध्यानात राहतात असं मेट्रनचं म्हणणं होतं. तिने वर्षाच्या शेवटच्या परीक्षेत ते पडताळूनही पाहिलं होतं.

महिन्यातून दोन मंगळवार हे काम असतं. बाकीचे दिवस बाई घरी असतात. ताईची तब्येत आता बरी आहे. रविवारचा फोन मात्र पुन्हा सुरू झाला नाही. ताई आता मेसेज पाठवते. चष्मा लावून, एका बोटाने टाइप केलेला. 'जेवलीस का.' बाई लिहितात, 'हो. तू?' ताई लिहिते, 'हो.' शेजारणीची भांडणं आणि भावजींचा गुडघा एका बोटाने लिहून होत नाहीत. बाईही कधी लांबलचक लिहायला घेतात, मग खोडतात आणि तेवढंच पाठवतात.

मागच्या मंगळवारी वर्ग संपल्यावर सगळ्या जेवायला गेल्या. कँटीनमध्ये स्टीलच्या ताटांचा आवाज मशीनमधून डोक्यात घुसतो, म्हणून बाई वर्गातच डबा उघडून बसतात. मेट्रन असली की तीही येते, दोघी न बोलता जेवतात. त्या दिवशी ती रजेवर होती. बाई जेवत होत्या, शाई सुकत होती. तेवढ्यात एक वयस्कर विद्यार्थिनी, मुलं मोठी झाल्यावर शिकायला आलेली, विसरलेली पाण्याची बाटली न्यायला परत आली. बाटली घेऊन ती कागदापाशी थांबली. बराच वेळ वाचत होती. मग एका चित्रावर बोट ठेवून, कागदाकडेच तोंड करून काहीतरी बोलली. लांबलचक बोलली. मधे एकदा तिचे खांदे हलले, हसताना हलतात तसे, किंवा रडताना.

बाईंनी डबा खाली ठेवला. "काय म्हणालात?" त्यांनी विचारलं. "मला नाही ऐकू आलं. इकडे वळून सांगा."

ती वळली. गोंधळली. "काही नाही, बाई," असं तिचे ओठ म्हणाले. ती बाटली घेऊन निघून गेली.

बाई उठल्या. तिने बोट ठेवलं होतं ते चित्र त्यांनी जवळ जाऊन पाहिलं. खुर्ची होती, नुसती, रिकामी. कोपऱ्यातली जागा उरली म्हणून त्यांनी ती काढली होती. मग परत जाऊन त्यांनी उरलेली भाकरी संपवली.